आरओची मेम्ब्रेन कशी बनते, कशी चालते आणि कशामुळे मरते

पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) यंत्राच्या हाउसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या डब्यातून, जी मेम्ब्रेन निघते ती म्हणजे टेप गुंडाळलेलं फूटभर लांबीचं नळकांडं. ते उलगडलं तर आत साधारण अर्धा चौरस मीटर भरेल एवढा कागदासारखा ताव असतो. त्या तावाची जाडी सुमारे 0.15 मिलिमीटर, पण पाण्यातले क्षार अडवण्याचं काम त्यातला जेमतेम हजारावा हिस्सा करतो. तो हिस्सा म्हणजे वरच्या बाजूला असलेला 0.1 ते 0.2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पॉलिअमाइडचा थर. हिशेब मांडला तर अख्ख्या मेम्ब्रेनमध्ये या पॉलिअमाइडचं वजन 100 मिलिग्रॅमही भरत नाही. पंप, सेडिमेंट म्हणजे गाळ अडवणारी गाळणी, कार्बनची गाळणी, रिजेक्टची म्हणजे क्षार वाहून नेणाऱ्या टाकाऊ पाण्याची नळी आणि तिच्यातला एफआर (फ्लो रिस्ट्रिक्टर), हा सगळा पसारा या थरातून पाणी ढकलण्यासाठी आणि त्याला जपण्यासाठी आहे.

याच रचनेला थिन फिल्म कॉम्पोझिट, थोडक्यात टीएफसी मेम्ब्रेन म्हणतात. स्वयंपाकघरातला आरओ, सोसायटीचा 500 लिटर ताशीचा प्लांट, औषधकंपनीचं शुद्ध पाणी, चेन्नईजवळ नेम्मेलीसारखे समुद्राचं पाणी गोडं करणारे मोठे प्रकल्प, सगळीकडे मूळ वस्तू एकच. फरक असतो तो दाबाचा, संख्येचा आणि थर किती घट्ट विणलाय याचा.

बडोद्यात हा विषय घरोघरी पोचला तो बोअरमुळे. जुन्या शहराला, म्हणजे रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांना आजवा सरोवराचं आणि महीकाठच्या विहिरींचं पाणी येतं. शहराभोवती वाढलेल्या कित्येक सोसायट्यांत मात्र बोअर चालतो, किंवा नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत मिसळतं. जंबुसरच्या बाजूला, खंभातच्या आखाताकडे सरकावं तसं जमिनीतलं पाणी आणखी खारट होत जातं. म्हणून एकाच गावातल्या दोन घरांत एकाच कंपनीची मेम्ब्रेन एकीकडे तीन वर्षं टिकते आणि दुसरीकडे आठ महिन्यांत जाते. दोष मेम्ब्रेनचा असतोच असं नाही, पाणी वेगळं असतं.

तीन थर, तीन कामं

सगळ्यात खाली न विणलेल्या पॉलिएस्टरचं कापड असतं, 100 मायक्रॉनच्या आसपास. दाब सोसणं एवढंच त्याचं काम. त्यावर 40 ते 50 मायक्रॉनचा पॉलिसल्फोनचा थर असतो. तो सच्छिद्र असतो आणि त्याच्या वरच्या पृष्ठभागावरची छिद्रं काही दहा नॅनोमीटरची असतात. एवढ्या छिद्रांतून मीठ आरामात निघून जातं. म्हणजे पॉलिसल्फोन क्षार अडवत नाही, तो वरच्या नाजूक थराला सपाट बैठक देतो. आणि त्या बैठकीवर पॉलिअमाइड.

कामाची ही विभागणीच खरा शोध होता. 1960च्या सुमाराला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटची पहिली उपयोगी आरओ मेम्ब्रेन केली. तिचा वरचा भाग घट्ट आणि खालचा सच्छिद्र होता, पण दोन्ही एकाच पदार्थाचे. त्यामुळे जो पदार्थ क्षार चांगला अडवेल त्यानंच दाबही सोसायचा आणि जंतूंनाही तोंड द्यायचं. सेल्युलोज अॅसिटेटला ते जमेना. पाण्याचा पीएच जरा वर-खाली झाला की ते विघटित व्हायचं, आणि जंतू तर ते खाऊनच टाकायचे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी आधाराचा थर आणि गाळणारा थर वेगवेगळ्या पदार्थांचे केले, आणि गाळणारा थर आधारावर जागच्या जागी तयार करण्याची कृती बसवली. त्या मेम्ब्रेनला एफटी-30 नाव मिळालं आणि 1981 मध्ये पेटंट. आज बाजारात मिळणारी जवळपास प्रत्येक आरओ मेम्ब्रेन त्याच कृतीची वारसदार आहे.

थर कसा धरतो

आधी पॉलिसल्फोनची बैठक. पॉलिसल्फोन डायमिथाइल फॉर्मामाइडसारख्या द्रावकात साधारण 15 ते 18 टक्के विरघळवतात, पॉलिएस्टरच्या चालत्या कापडावर पात्यानं एकसारखं पसरवतात आणि कापड लगेच पाण्याच्या टाकीत बुडवतात. द्रावक पाण्यात निघून जातो, पॉलिसल्फोन पाण्यात विरघळत नसल्यामुळे थिजतं, आणि द्रावक जिथून निघाला तिथे छिद्रं राहतात. पाण्याचं तापमान बदललं किंवा हवेत दमटपणा वाढला तरी छिद्रांचा आकार बदलतो, म्हणून हा विभाग वातानुकूलित ठेवावा लागतो.

मग मुख्य काम. ही बैठक मेटा-फिनिलीन डायअमाइनच्या, म्हणजे एमपीडीच्या सुमारे 2 टक्के पाण्यातल्या द्रावणात भिजवतात. वरचे थेंब रबरी रोलरनं किंवा हवेच्या झोतानं काढून टाकतात. छिद्रांत द्रावण राहिलं पाहिजे पण पृष्ठभागावर थेंब उरता कामा नये. त्यावर ट्रायमेसॉइल क्लोराइडचं, म्हणजे टीएमसीचं हेक्झेनसारख्या तेलकट द्रावकातलं अवघं 0.1 टक्क्याचं द्रावण सोडतात. पाणी आणि हेक्झेन मिसळत नाहीत. जिथे दोन्ही भेटतात त्या सीमेवर एमपीडी वर सरकते, टीएमसीशी जोडली जाते आणि काही सेकंदांत, दुधावर साय धरावी तसा पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो. पापुद्रा एकदा धरला की तोच पुढच्या एमपीडीची वाट अडवतो, म्हणून तो जाड होत जात नाही. कुणी मापून ओतला नसताना 0.1 ते 0.2 मायक्रॉनचा थर अखंड मिळतो तो या आपोआप थांबण्यामुळे.

टीएमसीच्या रेणूला तीन हात असतात. तिन्ही जोडले गेले तर जाळं घट्ट होतं. एखादा हात मोकळा राहिला तर त्याचा पाण्याशी संयोग होऊन कार्बोक्झिलिक गट बनतो, आणि त्यामुळे मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार येतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे. शेवटी ताव ओव्हनमधून काढतात, उरलेली रसायनं धुतात, आणि सुकताना छिद्रं मिटू नयेत म्हणून ग्लिसरीन लावतात.

बिघडतं काय? थेंब राहिला की त्या जागी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. एखादी जागा कोरडी गेली की तिथे थरच धरत नाही. हेक्झेनमध्ये ओल शिरली की टीएमसी आधीच निकामी होतं. एमपीडीचं द्रावण हवा आणि उजेड लागून तपकिरी पडतं, मग थर विरळ येतो. संपूर्ण तावात एक चौरस मिलिमीटरची गळती राहिली तरी क्षार अडवण्याचा आकडा खाली येतो, कारण भोकातून पाणी कित्येक पट जोरानं जातं. आपल्याकडे या कृतीवर भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेनं आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं बरंच काम केलं आहे.

मीठ अडतं, पाणी जातं, हे कसं

पॉलिअमाइडला चाळणीसारखी कायमची भोकं नसतात. रेणूंच्या गुंतवळ्यात अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासच्या पोकळ्या असतात, त्या हलतात, उघडतात, मिटतात. पाण्याचा रेणू छोटा असतो आणि पॉलिअमाइडशी त्याचं जुळतं, म्हणून तो त्यांतून वाट काढतो. सोडियम किंवा कॅल्शियमचा आयन मात्र स्वतःभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून फिरतो. त्याला आत शिरायचं तर ते कवच सोडावं लागतं आणि त्याला बरीच ऊर्जा लागते. शिवाय पृष्ठभागाचा ऋणभार क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट यांना मागे लोटतो.

पाणी आधी थरात विरघळतं आणि मग पसरत पलीकडे जातं, असं स्पष्टीकरण साठच्या दशकापासून शिकवलं जातं. 2023 मध्ये येल विद्यापीठातल्या मेनाखेम एलिमेलेक यांच्या गटानं, पाणी खरं तर दाबाच्या फरकामुळे सूक्ष्म पोकळ्यांतून वाहतं, असा दावा पुराव्यांसह मांडला. तज्ज्ञांत त्यावर वाद आहे. प्लांट चालवणाऱ्याचे आकडे त्यामुळे बदलत नाहीत.

कोण अडतं आणि कोण निसटतं हे मात्र माहीत हवंच. विद्युतभार असलेले आयन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, फ्लोराइड, फार चांगले अडतात. नायट्रेट त्या मानानं कमी अडतं. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सरळ पलीकडे जातो, म्हणून आरओच्या पाण्याचा पीएच मूळ पाण्यापेक्षा खाली येतो. समुद्राच्या पाण्यातलं बोरॉन आणि भूजलातलं तीन संयुजेचं आर्सेनिक यांच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तेही तुलनेनं जास्त निसटतात.

आता दाब. गोड्या आणि खाऱ्या पाण्यामध्ये असा थर ठेवला तर पाणी आपणहून खाऱ्याकडे जातं. त्याला उलटं फिरवायचं तर या ओढीच्या दाबापेक्षा, म्हणजे परासरण दाबापेक्षा, जास्त दाब द्यावा लागतो. अंदाजासाठी लिटरमागे 1000 मिलिग्रॅम क्षाराला पाऊण बार धरा. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम क्षार, म्हणजे सुमारे 26 बार. म्हणून समुद्राच्या प्लांटमध्ये 55 ते 70 बार दाब लागतो आणि घनमीटरला 3 ते 4 युनिट वीज जाते. बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, 1500 असेल तर परासरण दाब सव्वा बारच्या आत. पण घरच्या पंपाचा दाबही 5 बारच्या आसपासच असतो, त्यातला एवढा भाग क्षारच खातात. घरगुती मेम्ब्रेनवर लिहिलेले 75 जीपीडी म्हणजे दिवसाला 75 गॅलन किंवा 284 लिटर, तासाला पावणेबारा लिटर, हा आकडा कमी क्षाराच्या पाण्यावर, 25 अंशाला, नव्या मेम्ब्रेनवर मोजलेला असतो. बोअरवर तो मिळणार नाही, आणि त्यासाठी आरओवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

तापमानानं होणारा फरक लोक विसरतात. पाणी एक अंश थंड झालं की प्रवाह साधारण 3 टक्क्यांनी घटतो. जानेवारीत सकाळी टाकीतलं पाणी 18 अंशांवर आलं की मेम्ब्रेनला काहीही झालेलं नसताना प्रवाह पाचव्या हिश्शानं कमी होतो. मे महिन्यात उलट. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तापलं की प्रवाह वाढतो आणि शुद्ध पाण्याचा टीडीएसही वाढतो. या मेम्ब्रेनची मर्यादा 45 अंश आहे. बडोद्याच्या उन्हात उघड्या टाकीचं आणि गच्चीवरून फिरणाऱ्या पाइपाचं पाणी तिच्या जवळ जाऊ शकतं, म्हणून टाकीवर सावली हवी.

नळकांड्याच्या आत

ताव दुमडून पाकिटं करतात. तीन बाजूंना गोंद, चौथी बाजू मधल्या भोकं पाडलेल्या नळीला जोडलेली. पाकिटाच्या आत शुद्ध पाणी नळीपर्यंत नेणारं बारीक विणीचं कापड आणि दोन पाकिटांच्या मध्ये पाऊण मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची जाळी. सगळं नळीभोवती गुंडाळलं की मेम्ब्रेन तयार. मोठ्या प्लांटमधल्या 8 इंच व्यासाच्या, 40 इंच लांबीच्या एका एलिमेंटमध्ये 37 चौरस मीटर पृष्ठभाग मावतो.

ती जाळी नुसती अंतर ठेवायला नसते. पाणी थरातून निघून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे थराला अगदी चिकटून असलेल्या पाण्यात क्षार मुख्य प्रवाहापेक्षा जास्त साठतात. जाळी प्रवाह घुसळते आणि तो साठा मोडते. रिजेक्टचा प्रवाह कमी केला की घुसळणं कमी होतं, साठा वाढतो, आणि क्षार थरावरच बसायला लागतात.

म्हणून «वेस्ट फार जातंय, जरा दाबून टाका» ही मागणी महागात पडते. समजा बोअरचा टीडीएस 1500 आहे. आलेल्या पाण्यातलं 30 टक्के शुद्ध करून काढलं तर रिजेक्ट सुमारे 2100चं होतं. 50 टक्के काढलं तर 3000 आणि 75 टक्के काढलं तर 6000. कॅल्शियम कार्बोनेट इतक्या घट्ट पाण्यात विरघळलेलं राहत नाही, त्याचं पांढरं कवच मेम्ब्रेनच्या शेवटच्या टोकापासून धरायला लागतं. घरगुती यंत्रात एफआर, म्हणजे रिजेक्टच्या नळीतला 300 किंवा 450 मिलिलिटर मिनिटाचा अडथळा, हे प्रमाण ठरवतो. पाणी जड असेल तर 450चा घाला आणि ते रिजेक्ट फरशी-संडासासाठी बादलीत भरा. एफआर क्षारांनी चोंदला की मेम्ब्रेन काही आठवड्यांत बसते, म्हणून दर सर्व्हिसला रिजेक्ट मापून बघायचा. एक मिनिट, एक मापाचं भांडं, बस.

क्लोरीन, सगळ्यात मोठा वैरी

पॉलिअमाइडच्या जाळ्यात नायट्रोजनला चिकटलेले हायड्रोजन असतात. हायड्रोजनचे बंधच रेणूंना एकमेकांशी धरून ठेवतात. पाण्यातला मुक्त क्लोरीन त्या नायट्रोजनवर बसतो आणि मग शेजारच्या बेंझिनच्या कड्यावर सरकतो. बंध सुटतात, जाळं सैल पडतं, पुढे ते तुटतं. ही इजा परत दुरुस्त होत नाही. कुठलंच धुणं, कुठलंच केमिकल तिला भरून काढत नाही. पाण्यात लोह असेल तर ही झीज आणखी वेगानं होते.

मोजायचं एकक आहे पीपीएम-तास (1 पीपीएम म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅम). 1 पीपीएम मुक्त क्लोरीनच्या पाण्यात 200 ते 1000 तास गेले की झीज दिसायला लागते. नळाच्या पाण्यात ग्राहकापर्यंत किमान 0.2 पीपीएम क्लोरीन पोचावा असं आपलं मानक सांगतं, आणि ते पिणाऱ्यासाठी योग्यच आहे. त्या पाण्यावर थेट चालवली तर मेम्ब्रेनला 1000 ते 5000 तास मिळतात. पण सोसायटीनं टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर सढळ हातानं टाकली आणि पाण्यात 5 पीपीएम क्लोरीन आला, तर हिशेब 40 तासांवर येतो. कार्बन कार्ट्रिज शाबूत असेल तर ते हा क्लोरीन शोषतं. त्याची मुदत उलटून गेली असेल तर एका आठवड्याच्या टाकी-सफाईनं मेम्ब्रेन संपू शकते. टाकीत ब्लीचिंग घातलं की ती रिकामी होऊन पुन्हा भरेपर्यंत आरओ बंद ठेवा. हा एक नियम सोसायटीच्या फलकावर लिहून लावण्यासारखा आहे.

कार्बन अजून काम करतोय का हे वासावरून ठरवू नका. कार्बननंतरची नळी सोडवून पेलाभर पाणी घ्या आणि ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचे, म्हणजे क्लोरीन दाखवणारे थेंब टाका. पिवळी छटा आली तर कार्बन आज बदला. नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या घरगुती यंत्रात सहा महिन्यांनी तो बदलणं शहाणपणाचं. क्रमही उलटा करायचा नाही. आधी सेडिमेंट, मग कार्बन, मग मेम्ब्रेन, नाहीतर गाळानं कार्बनची छिद्रं भरतात.

मोठ्या प्लांटमध्ये जंतू मारायला आधी हायपोक्लोराइट घालतात आणि मेम्ब्रेनच्या आधी सोडियम मेटाबायसल्फाइटनं क्लोरीन निकामी करतात. कागदावर 1 मिलिग्रॅम क्लोरीनला 1.34 मिलिग्रॅम लागतं, प्रत्यक्षात 3 धरतात. डोसिंग पंपात हवा अडकून तो एक रात्र बंद पडला तर काय होईल याचा विचार आधी करायचा. क्लोरीन मीटरचा किंवा ओआरपी मीटरचा (तोही पाण्यात क्लोरीन उरल्याची खूण देतो) सिग्नल मुख्य पंपाला जोडला असेल तर प्लांट आपोआप थांबतो आणि लाखोंची मेम्ब्रेन वाचते.

बदलण्याआधी मोजा

टीडीएस वाढला की मेम्ब्रेन बदला, हा सरसकट सल्ला चुकीचा आहे. मोजणीची रीत अशी. यंत्र 10-15 मिनिटं चालू द्या. बंद असताना क्षार थरातून हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे सुरुवातीचं पाणी नेहमीच खारट येतं आणि ते मोजून निष्कर्ष काढता येत नाही. मग मेम्ब्रेनमधून निघणारी शुद्ध पाण्याची नळी थेट सोडवा. टाकीच्या नळाचं पाणी घेऊ नका, कारण वाटेत टीडीएस कंट्रोलर मूळ पाणी मिसळत असतो किंवा मिनरल कार्ट्रिज क्षार घालत असतं. आत जाणाऱ्या पाण्याचाही टीडीएस घ्या. 1200 आत आणि 60 बाहेर असेल तर क्षार 95 टक्के अडताहेत. एक लिटर भरायला किती वेळ लागतो तेही बघा.

आता दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. प्रवाह घटलाय आणि टीडीएस थोडासा चढलाय तर क्षार बसले आहेत. प्रवाह घटलाय पण टीडीएस ठीक आहे तर आधी सेडिमेंट चोंदलंय का, पंपाचा दाब उतरलाय का, पाणी थंड आहे का ते तपासा. प्रवाह वाढला आणि टीडीएसही वाढला तर क्लोरीननं थर खाल्ला, तिथे मेम्ब्रेन बदलण्यावाचून उपाय नाही. प्रवाह होता तसाच आणि टीडीएस एकदम उसळला, तोही सर्व्हिसनंतर लगेच, तर बहुतेक ओ-रिंग मुडपली आहे किंवा मेम्ब्रेन हाउसिंगमध्ये पूर्ण बसलेली नाही. हे दुरुस्त करायला ओ-रिंगला ग्लिसरीन लावून मेम्ब्रेन नीट बसवणं पुरतं. वंगण म्हणून ग्रीस किंवा खाण्याचं तेल मात्र लावू नका.

टीडीएस मीटर फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. जंतू, कीटकनाशकं, आर्सेनिक याबद्दल तो काहीच सांगत नाही. बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी प्रयोगशाळेत फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा आणि जंतू तपासून घ्यावेत.

सोसायटीचा आणि कारखान्याचा प्लांट

इथे पहिली चाचणी एसडीआयची (सिल्ट डेन्सिटी इंडेक्स), म्हणजे पाण्यातला बारीक गाळ मेम्ब्रेन किती चोंदवेल याची. 47 मिलिमीटर व्यासाच्या, 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून 30 पीएसआय (सुमारे 2 बार) दाबानं पाणी सोडायचं. पहिले 500 मिलिलिटर भरायला लागलेला वेळ आणि 15 मिनिटांनी पुन्हा 500 भरायला लागलेला वेळ घ्यायचा. पहिल्याला दुसऱ्यानं भागून 1 मधून वजा करायचं, 100 नं गुणायचं, 15 नं भागायचं. उत्तर 5 च्या वर आलं तर ते पाणी मेम्ब्रेनला द्यायचं नाही. 3 च्या आत असेल तर उत्तम.

जड पाण्यात 2 ते 5 पीपीएम अँटिस्केलंट घालतात. ते स्फटिक वाढू देत नाही, पण त्याचीही हद्द असते. मात्रा दुप्पट केली म्हणून दुप्पट पाणी काढता येत नाही, उलट जास्त डोस स्वतःच थरावर बसतो.

सांडपाण्यावर आरओ चालवणाऱ्यांसाठी एक खास सावधगिरी. बडोद्याच्या रासायनिक पट्ट्यातलं प्रक्रिया केलेलं पाणी सुमारे 55 किलोमीटरच्या बंद-उघड्या एफ्लुएंट चॅनलनं खंभातच्या आखाताकडे जातं, आणि अलीकडे बरेच कारखाने ते बाहेर सोडण्याऐवजी आरओनं परत वापरतात. ईटीपीत, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्लांटमध्ये, गाळ बसवायला धनभाराचं पॉलिमर घालतात. ते जरा जास्त झालं आणि पुढे वाहून आलं तर मेम्ब्रेनच्या ऋणभाराला असं चिकटतं की धुऊनही निघत नाही. मेम्ब्रेन गेली की दोष मेम्ब्रेनला दिला जातो, चूक मात्र चार टाक्या आधी झालेली असते.

धुण्याची वेळ ओळखायची ती तापमान आणि दाबाचा फरक वजा करून. त्यानंतरही प्रवाह 10 ते 15 टक्के घटला, किंवा आत-बाहेरच्या दाबातलं अंतर 15 टक्के वाढलं, की धुवायचं. त्यापलीकडे थांबलं तर बसलेला थर घट्ट होतो. जैविक चिकटा आणि सेंद्रिय मळ काढायला पीएच 11 ते 12चं अल्कली द्रावण, 30-35 अंशांवर. क्षारांसाठी 2 टक्के सायट्रिक अॅसिड. साधारणपणे आधी अल्कली, मग अॅसिड. उलट केलं तर अॅसिडमुळे चिकटा आणखी घट्ट होऊ शकतो. अपवाद फक्त चुनखडी किंवा लोहच बसलंय अशी खात्री असेल तेव्हा.

पाणी फक्त जड असेल, खारट नसेल, तर सोसायटीनं आरओऐवजी नॅनोफिल्ट्रेशनचा विचार करावा. तीही टीएफसीच, पण एमपीडीऐवजी पाइपराझिन वापरून केलेली. जाळं थोडं सैल, म्हणून कमी दाबात जास्त पाणी. कॅल्शियम-मॅग्नेशियम बऱ्यापैकी अडतात, सल्फेट जवळजवळ पूर्ण, साधं मीठ बरंचसं जाऊ दिलं जातं. वीज आणि रिजेक्ट दोन्ही वाचतात.

आणि ज्या घरी फक्त सरोवराचं किंवा नदीचं पाणी येतं, तिथे आधी टीडीएस मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 500 पर्यंतचा टीडीएस स्वीकार्य मानला आहे. राष्ट्रीय हरित लवादानंही 2019 मध्ये 500 च्या आतल्या पाण्यावर आरओ नको असं म्हटलं. तिथे गाळणी, कार्बन आणि यूव्ही पुरेसे आहेत. उगाच आरओ लावून दर लिटरमागे दोन लिटर गटारात सोडणं बरोबर नाही.

नव्या संशोधनाचा रोख दोन गोष्टींवर आहे. त्याच घट्टपणात जास्त पाणी जाऊ देणारा थर, आणि क्लोरीन सोसणारा थर. 2007 मध्ये लॉस एंजेलिसच्याच विद्यापीठातून पॉलिअमाइडमध्ये झिओलाइटचे नॅनोकण मिसळलेली मेम्ब्रेन पुढे आली आणि ती बाजारातही पोचली. क्लोरीनला खरोखर दाद न देणारा, तरीही पॉलिअमाइडइतका क्षार अडवणारा थर मात्र अजून सर्रास मिळत नाही.

घर महिनाभर बंद राहणार असेल तर निघण्याआधी अर्धा तास यंत्र चालवून साठवण टाकी रिकामी करा, पण हाउसिंगमधलं पाणी काढू नका. एकदा ओली झालेली मेम्ब्रेन पूर्ण सुकली तर तिचा प्रवाह कायमचा घटू शकतो. परत आल्यावर पहिला तासभर निघालेलं पाणी टाकून द्या. प्लांट दोन-तीन आठवड्यांहून जास्त बंद ठेवायचा असेल तर मेम्ब्रेनमध्ये 1 टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण भरून दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करा, द्रावणाचा पीएच दर आठवड्याला बघा, आणि तो 3 च्या खाली उतरला की द्रावण बदला.